निळ्या खुर्चीतली मुलगी: निवांत बसलेल्या माणसाचं इम्प्रेशनिस्ट चित्र कसं बघायचं

कुणीतरी खुर्चीत बसलंय, सोफ्यावर रेललंय किंवा डोळे मिटून पडलंय, आणि चित्रात बाकी काहीच घडत नाहीये. इम्प्रेशनिस्ट मंडळींनी, म्हणजे १८७० च्या दशकात फ्रान्समध्ये मोकळ्या, दिसत्या फटकाऱ्यांनी रंगवणाऱ्या चित्रकारांच्या गटाने, अशी चित्रं ढीगभर काढली आणि नवीन बघणाऱ्याची गाडी नेमकी इथेच अडते. लढाईचं चित्र असेल, पुराणातला प्रसंग असेल तर निदान गोष्ट तरी सांगता येते, इथे गोष्टच नाही, मग "रंग छान आहेत, शांत वाटतं" एवढं बोलून माणूस पुढच्या चित्राकडे वळतो. आणि ते "शांत वाटतं" बऱ्याचदा चुकीचंही असतं, कारण बसलेला माणूस शांत असतोच असं नाही ना. तो कंटाळलेला असेल, दमलेला असेल, कुणाची वाट बघत असेल, किंवा त्याला कुणीतरी बसवून ठेवलं असेल. ह्यातलं नेमकं काय आहे ते ओळखणं म्हणजेच अशा चित्राचा अर्थ लावणं, आणि माझं ठाम मत आहे की ते चेहऱ्यावरून ओळखायला जाऊ नये. शरीराचं वजन कुठे पडलंय, रंगाचे फटकारे कसे आहेत आणि चित्राच्या कडांवर काय कापलं गेलंय, ह्या तीन ठिकाणी बघायचं, चेहरा सगळ्यात शेवटी.

हे नुसतं सांगून समजत नाही म्हणून एकच चित्र घेऊन सगळ्या पायऱ्या करू. चित्र आहे मेरी कसॅटचं, १८७८ सालचं, "लिटल गर्ल इन अ ब्लू आर्मचेअर" ह्या नावाने ओळखलं जातं, वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरी ऑफ आर्टमध्ये आहे. कसॅट अमेरिकन, जन्म १८४४ चा पेनसिल्व्हेनियातला, पण आयुष्याचा बराच मोठा भाग फ्रान्समध्ये गेला आणि इम्प्रेशनिस्टांच्या प्रदर्शनांमध्ये भाग घेणारी ती एकमेव अमेरिकन. बाकीची माहिती मुद्दाम आत्ता देत नाही, का ते पुढे कळेल.

पहिली पायरी: चित्र नीट मिळवा

व्हॉट्सॲपवर फिरणारा फोटो किंवा कॅलेंडरवरचं छापील चित्र घेऊन बसू नका. त्यात निळा रंग कुठे हिरवट होतो, कुठे भडक होतो, कडा तर सर्रास कापलेल्या असतात, आणि ह्या चित्रात तर कडा फार महत्त्वाच्या आहेत. म्युझियमच्या स्वतःच्या वेबसाइटवर मोठ्या साइझचा फोटो फुकट डाउनलोड होतो, तो घ्या आणि जमलं तर लॅपटॉपवर किंवा टीव्हीवर लावा, फोन शेवटचा पर्याय.

मग साइझ बघा. हे चित्र ८९.५ सेंटीमीटर उंच आणि १२९.८ सेंटीमीटर रुंद आहे, म्हणजे साधारण तीन फूट बाय सव्वाचार फूट. घरातली मेजरिंग टेप काढून भिंतीवर तेवढा चौकोन खरंच मोजा, पेन्सिलने चार खुणा करा. लोक ही पायरी हमखास टाळतात आणि मग आयुष्यभर सगळी चित्रं एकाच साइझची, स्क्रीनएवढी, असं डोक्यात राहतं. सव्वाचार फूट रुंद म्हणजे पुढ्यात उभं राहिल्यावर ती खोली तुमच्या अंगावर येते. त्यातली मुलगी मात्र लहानच राहते, आणि तिथूनच चित्राचा अर्थ सुरू होतो.

अजून एक, आपल्यापैकी बऱ्याच जणांची नजर राजा रविवर्म्याच्या छापील चित्रांवर आणि शाळेतल्या चित्रकलेच्या परीक्षांवर तयार झालेली असते, त्यामुळे गुळगुळीत रंग, चमकणारी जर, मोजून घेता येतील अशी बोटं म्हणजे चांगलं चित्र असा एक हिशेब मनात पक्का बसलेला असतो. तो हिशेब वाईट नाही, रविवर्मा थोरच, पण इथे तो लावला तर हे चित्र अर्धवट सोडल्यासारखं वाटेल. मुंबईत असाल तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा कुटुंबाच्या संग्रहातली युरोपियन चित्रं आहेत, ती एकदा जवळून बघून या. जुन्या पद्धतीत रंग कसा घोटून गुळगुळीत करायचे, ब्रशची खूणसुद्धा राहू द्यायची नाही असं कसं काम व्हायचं ते डोळ्यांनी बघितलंत की कसॅट आणि तिच्या सोबत्यांनी नेमकं काय मोडलं ते पटकन लक्षात येतं.

दुसरी पायरी: दहा मिनिटं नुसती यादी करा

मोबाइलमध्ये दहा मिनिटांचा टायमर लावा, कागद घ्या आणि चित्रात जे जे दिसतंय ते लिहा. भावना लिहायच्या नाहीत, "उदास", "गोड", "निरागस" हे शब्द ह्या दहा मिनिटांत बंद. फक्त वस्तू, रंग आणि जागा.

साधारण अशी यादी होईल: मोठी गुबगुबीत निळी आर्मचेअर, तिच्यात एक लहान मुलगी, पांढरा फ्रॉक, कमरेला चौकड्यांचा पट्टा, त्याच चौकड्यांचे मोजे, काळे बकलवाले शूज, केसात रिबीन. दुसऱ्या तशाच निळ्या खुर्चीत एक छोटं कुत्रं झोपलेलं. मागे अजून तसंच निळं फर्निचर. मधे राखाडी-तपकिरी जमीन. अगदी वर, मागच्या बाजूला, खिडक्या किंवा काचेची दारं, त्यातून येणारा उजेड.

आता यादीच्या खाली एक रेघ मारा आणि काय नाही ते लिहा. हे नवीन लोकांना सुचत नाही आणि माझ्या मते ही यादी जास्त कामाची आहे. लहान मुलीचं चित्र आहे पण खेळणं नाही. पुस्तक नाही, बाहुली नाही. आई नाही, दाई नाही, कुणीच मोठं माणूस नाही. टेबल नाही, फुलदाणी नाही, खाऊ नाही. एवढ्या मोठ्या खोलीत ह्या मुलीला करण्यासारखं एकही काम चित्रकाराने ठेवलेलं नाही. त्या काळच्या मुलांच्या चित्रांमध्ये हातात काहीतरी द्यायची पद्धत होती, फूल, चेंडू, पक्षी, म्हणजे मूल गोड दिसतं आणि हाताचं काय करायचं हा प्रश्नही सुटतो. कसॅटने तो सोपा रस्ता घेतलेला नाही, हे नोंदवून ठेवा.

तिसरी पायरी: वजन शोधा, आणि ते स्वतःच्या अंगावर करून बघा

ही पायरी मला सगळ्यात आवडते आणि इथे घाई करू नका.

निवांत माणसाचं चित्र बघताना स्वतःला विचारायचं की ह्या शरीराचं वजन कुठे पडलंय. मान उचललेली आहे की टेकलेली, खांदे सारखे आहेत की एक वर एक खाली, कंबर खुर्चीच्या पाठीला लागलीय की पुढे घसरलीय, पाय जमिनीवर आहेत की लोंबतायत. नीट बसलेल्या माणसाचं वजन सरळ खाली जातं. ही मुलगी नीट बसलेली नाहीच, ती खुर्चीत घसरलीय, पाठीच्या वरच्या भागावर रेलून, एक हात दुमडून डोक्यामागे, दुसरा खुर्चीच्या हातावर, पाय सैल सोडलेले आणि जमिनीपर्यंत न पोचणारे. खुर्ची मोठ्या माणसाच्या मापाची आहे, ह्या मापात लहान मूल "नीट" बसूच शकत नाही, एकतर काठावर बसेल नाहीतर असं घसरेल.

आता उठा आणि घरातल्या सगळ्यात मऊ खुर्चीत तस्संच बसून बघा. खरंच बसा, नुसती कल्पना करू नका. थोड्याच वेळात कोपर भरून येतं, मान अवघडते, आणि आपण आपोआप हलतो. म्हणजे ही पोज विश्रांतीची नाहीये, ही दोन पोजच्या मधली जागा आहे, आत्ता अशी आहे आणि पुढच्या क्षणी कूस बदलणार, खाली उतरणार किंवा "कधी संपणार?" असं विचारणार. ज्या घरात पाच-सहा वर्षांचं मूल आहे त्यांना ही पोज शिकवायला नको, लग्नाच्या हॉलमध्ये दुपारी तीन वाजता प्रत्येक खुर्चीत हे दृश्य असतं.

मग कपड्यांकडे परत या. पट्टा आणि मोजे मॅचिंग, रिबीन बांधलेली, शूजची बकलं लावलेली. हे मुलीने स्वतः केलेलं नाही, कुणीतरी वेळ काढून तिला नटवलंय. कपडे सांगतायत "नीट बस", आणि शरीर म्हणतंय "नाही बसणार". हा जो ताण आहे, पोशाख आणि पोज ह्यांच्यातला, तो कॅनव्हासवर आहे, आपण तो कल्पनेने घातलेला नाही, आणि चेहऱ्याकडे न बघताच आपल्याला सापडला.

आता कुत्रं. बऱ्याच जणांनी कुठेतरी वाचलेलं असतं की युरोपियन चित्रात कुत्रं म्हणजे निष्ठा. जुन्या काळच्या, विशेषतः नवरा-बायकोच्या चित्रांमध्ये ते ठीक आहे, पण १८७८ सालच्या ह्या दिवाणखान्यात निष्ठा शोधत बसलात तर चित्र हातातून जाईल. त्यापेक्षा कुत्र्याचं शरीर बघा. ते गोळा होऊन, स्वतःत मिटून, पूर्ण झोपलंय. मुलगी त्याच्या अगदी उलट, सगळीकडे पसरलेली. एकाच चित्रात, एकसारख्या दोन खुर्च्यांमध्ये, विश्रांतीचे दोन प्रकार शेजारी ठेवलेत: एक ज्याला मनापासून झोप लागलीय आणि एक जिला बसवून ठेवलंय. मला तरी ह्या चित्राचा गाभा हाच वाटतो. कुत्रं नसतं तर मुलगी निवांत आहे असं आपण सहज मानलं असतं, कुत्रं आहे म्हणून फरक दिसतो.

चौथी पायरी: रंग कसा लावलाय

आधी डोळे बारीक करून बघा, पापण्या जवळजवळ मिटून. बारीकसारीक गोष्टी जातात आणि मोठे आकार उरतात, निळे मोठे डाग, मधला राखाडी तुकडा, आणि एक पांढरा आकार. फोनवर फोटो ब्लॅक अँड व्हाइट करून बघितलात तर अजून स्पष्ट होतं, फ्रॉकचा पांढरा केवढा उठून येतो ते दिसतं आणि निळ्याचा सगळा दिमाख गेल्यावर चित्र कशाच्या जोरावर उभं राहतं तेही कळतं.

मग झूम करा, पण फक्त तीन ठिकाणी. खुर्चीचं कापड, फ्रॉक, चेहरा. खुर्चीच्या कापडावर फुलापानांची नक्षी आहे असं लांबून वाटतं, झूम केल्यावर एकही फूल धड नाही, निळ्यावर वेगवेगळ्या रंगांचे छोटे, तुटक, भरभर मारलेले फटकारे आहेत बस्. आणि ते फटकारे खुर्चीच्या गोलाईबरोबर वळतात, त्यामुळे कापड फुगलेलं, मऊ वाटतं. फ्रॉकचा पांढरा नुसता पांढरा नाही, सावलीच्या जागी करडे, निळसर रंग आहेत, काळं मिसळून सावली करायची जुनी सवय ह्या चित्रकारांनी सोडली होती. चेहऱ्यावर मात्र ब्रश सावकाश झालाय, फटकारे लहान, एकमेकांत मिसळलेले.

ह्याचा उपयोग काय? चित्रकाराने कुठे वेळ घेतला आणि कुठे हात मोकळा सोडला ह्यावरून तिच्या लेखी काय महत्त्वाचं होतं ते कळतं. इथे गंमत अशी की सगळ्यात जास्त खळबळ फर्निचरमध्ये आहे. मुलगी हलत नाहीये, कुत्रं हलत नाहीये, पण खुर्च्या नुसत्या वळवळतायत. मुलीच्या अंगातली चुळबूळ सगळी त्या निळ्या कापडात उतरलीय असं मी वाचतो, तुम्हाला वेगळं वाटू शकेल, पण जे वाटेल ते फटकाऱ्यावर बोट ठेवून दाखवता आलं पाहिजे.

इम्प्रेशनिस्ट म्हणजे भरभर, एका बैठकीत, असा एक समज आहे. पत्र्याच्या ट्यूबमधला तयार रंग १८४१ पासून मिळायला लागला, चपटे ब्रश आले, बाहेर जाऊन काम करणं सोपं झालं, हे सगळं खरं, पण "क्षणात टिपलेलं" दिसणारं चित्र क्षणात झालेलं असतंच असं नाही. एवढ्या मोठ्या कॅनव्हासवर एवढं फर्निचर आणि त्यात लहान मूल, हे एका दुपारचं काम नव्हे. समोर बसणं हेही कामच आहे, आणि निवांत दिसणं हे तर जास्त कष्टाचं काम. निवांत माणसाचं कुठलंही चित्र बघताना हे डोक्याच्या एका कोपऱ्यात असू द्या.

पाचवी पायरी: कडा आणि जागा

चारही कडांवरून बोट फिरवा आणि काय काय कापलं गेलंय ते मोजा. फर्निचर जवळजवळ सगळं कुठे ना कुठे कापलंय. खिडक्या वरून कापल्यात, आकाश नाहीच. फोटोग्राफीची आणि जपानी छापील चित्रांची त्या काळात पॅरिसमध्ये खूप चर्चा होती, त्या जपानी चित्रांमध्ये वस्तू अशाच बिनधास्त कापलेल्या असतात आणि जमीन वर उचलल्यासारखी दिसते, इथेही जमीन आपल्याकडे कलंडलेली वाटते, खुर्च्यांच्या मधे उरलेला एक वाकडातिकडा राखाडी तुकडा. त्या तुकड्याचा आकार कागदावर काढून बघा, नुसता आकार, खुर्च्या न काढता. मग लक्षात येतं की चित्रकाराने खुर्च्यांइतकाच विचार मोकळ्या जागेचा केलाय.

कापलेल्या कडांमुळे खोली चित्राबाहेर चालू राहते, आपण दारात उभे राहून आत डोकावल्यासारखे होतो. आणि फर्निचर मुलीपेक्षा कितीतरी जास्त जागा खातं. अंगठ्याने मुलीला झाका, चित्र तरी पूर्ण दिसतं, निळी खोली. अंगठा काढा, ती परत येते, खोलीतली एक वस्तू असल्यासारखी. रिकाम्या खुर्च्या मोठ्या माणसांच्या आहेत आणि मोठी माणसं नाहीत. मोठ्यांच्या जगात, मोठ्यांच्या मापाच्या सामानात एकटं सोडलेलं मूल, हे आपण आत्ता एका वाक्यात म्हणू शकतो, आणि त्यातल्या प्रत्येक शब्दाला पुरावा आहे.

सहावी पायरी: आता चेहरा

ती आपल्याकडे बघत नाही. नजर खाली, बाजूला, कुठेच नाही. हसू नाही, रडू नाही. कोणी म्हणेल कंटाळा, कोणी म्हणेल रुसवा, कोणी म्हणेल नुसती दमलीय. तिन्हीसाठी बाजू मांडता येते आणि हा चित्राचा दोष नाही, पण ह्या तिघांत निवड करायची तर आधीच्या पायऱ्यांकडे जा. दमलेलं शरीर कुत्र्यासारखं मिटतं, हे पसरलंय, म्हणून मला थकवा पटत नाही. रुसवा हा कुणावर तरी असतो, आणि इथे समोर कुणीच नाही, तरी चित्रकार समोर होतीच, म्हणून रुसवा थोडा पटतो. कंटाळा सगळ्यात जास्त पटतो. चेहरा आधी बघितला असता तर ही छाननी झालीच नसती, पहिल्या सेकंदाला एक शब्द सुचला असता आणि मग बाकीचं चित्र त्या शब्दाला जुळवून घेतलं असतं.

सातवी पायरी: माहिती वाचा, पण आत्ता

इथवर आल्यावर वाचायला बसा, त्याआधी नाही, कारण आधी वाचलं की डोळे फक्त वाचलेलं शोधतात.

मुलगी एदगार देगाच्या, म्हणजे ह्याच गटातल्या फ्रेंच चित्रकाराच्या, ओळखीच्या कुटुंबातली होती. देगाने १८७७ मध्ये कसॅटला इम्प्रेशनिस्टांच्या गटात यायचं निमंत्रण दिलं होतं, दोघांची पुढे अनेक वर्षं मैत्री राहिली. चित्र तिने १८७८ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनातल्या अमेरिकन विभागासाठी पाठवलं आणि ते नाकारलं गेलं. १९०३ मध्ये, पंचवीस वर्षांनी, चित्रांचे व्यापारी आंब्रुआझ व्होलार ह्यांना लिहिलेल्या पत्रात तिने हे सगळं सांगितलंय, निवड करणारे तिघे होते आणि त्यातला एक तर औषधविक्रेता होता हेही तिने लिहिलंय, म्हणजे राग तोवर गेलेला नव्हता. त्याच पत्रात ती सांगते की देगाला खुर्चीतली मुलगी आवडली, त्याने मागच्या भागाबद्दल सल्ला दिला आणि स्वतः त्यावर कामही केलं.

हे कुठे दिसतं? मागे बघा, खोलीचा कोपरा तिरपा जातो. २०१४ मध्ये वॉशिंग्टनला देगा आणि कसॅट ह्या दोघांवर प्रदर्शन झालं, त्या निमित्ताने चित्राची तांत्रिक तपासणी झाली आणि मागची ती तिरपी रचना नंतर आलेली आहे, आधी भिंत सरळ आडवी होती असं समोर आलं. आता हे नुसतं "इंटरेस्टिंग" म्हणून सोडू नका, वापरा. एक कागदाची पट्टी घ्या आणि स्क्रीनवर तो मागचा कोपरा आडवा झाकून बघा. खोली उथळ होते, मुलगी भिंतीला चिकटल्यासारखी पुढे येते. कागद काढला की खोली मागे पळते, मोठी होते, आणि मुलगी त्यात अजून एकटी पडते. म्हणजे देगाच्या त्या तिरप्या रेषेने मुलीच्या कंटाळ्याला जागा मोकळी करून दिली. म्हणून चित्र देगाचं होत नाही हां, असं म्हणणारे भेटतील, त्यांना ती मुलगी बघा म्हणावं.

अजून एक संदर्भ लक्षात घ्या. त्या काळी पॅरिसच्या सरकारी कलाशाळेत, एकोल दे बोझारमध्ये, बायकांना प्रवेशच नव्हता, तो मिळाला १८९७ मध्ये. माने, देगा, रेन्वार हे पुरुष चित्रकार ज्या कॅफेत, नाचघरात बसून विषय शोधायचे तिथे चांगल्या घरातली बाई एकटी जाऊन बसू शकत नव्हती. त्यामुळे कसॅट आणि गटातली दुसरी चित्रकार बर्थ मोरिसो ह्यांच्या चित्रांत दिवाणखाने, बागा, पाळणे, थिएटरचे बॉक्स जास्त आहेत. पुष्कळ लेखांमध्ये हे "बायकी, कोवळे विषय" म्हणून उडवून लावलेलं असतं, मला ते अजिबात मान्य नाही. घरातलं बसणं आतून माहीत असलेल्या माणसाने काढलेली ही चित्रं आहेत, म्हणून तर बसवून ठेवलेल्या मुलीला गोड न करता काढता आलं.

आठवी पायरी: शेजारी दुसरं चित्र ठेवा

एक चित्र कितीही वेळ बघा, दुसरं शेजारी ठेवलं की पहिल्यातलं बरंच नवीन दिसतं. मोरिसोचं १८७२ चं पाळण्याचं चित्र घ्या, "ल बेर्सो", पॅरिसच्या ओर्से म्युझियममध्ये आहे आणि १८७४ च्या पहिल्या इम्प्रेशनिस्ट प्रदर्शनात ते लागलं होतं. मोरिसोची बहीण एदमा आपल्या झोपलेल्या बाळाकडे, ब्लांशकडे बघतेय. एदमाचा एक हात दुमडून गालाशी, आणि झोपलेल्या बाळाचाही हात तसाच दुमडलेला, हे सापडलं की चित्र उघडतं. दोघींच्या मधे जाळीदार पडदा. इथे बसणं म्हणजे राखण करणं आहे, शरीर स्थिर पण लक्ष जागं. एदमा स्वतः चित्रकार होती आणि लग्नानंतर तिने चित्रं काढणं सोडलं, हे वाचल्यावर तिच्या चेहऱ्यावर खंत दिसायला लागते. थांबा तिथे. ती खंत कॅनव्हासवर आहे का तुमच्या वाचनात आहे, हे पुन्हा वजन, हात, नजर बघून ठरवा. मला त्या नजरेत प्रेम आणि दमणूक दोन्ही दिसतं, खंत आहे असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही.

क्लोद मोने ह्या इम्प्रेशनिस्ट चित्रकाराने १८७१ च्या सुमारास, लंडनमध्ये, बायको कामीयचं सोफ्यावर बसलेलं चित्र काढलं, तेही ओर्सेमध्ये. हातात पुस्तक आहे पण ती वाचत नाही. फ्रान्स-प्रशिया युद्धामुळे हे जोडपं देश सोडून तिथे आलं होतं. कसॅटच्या मुलीसारखीच नजर कुठेच नाही, पण पाठ सरळ, अंग आवरलेलं. हा कंटाळा नव्हे, हे विचारात बुडणं आहे, आणि फरक आपल्याला पाठीच्या कण्याने सांगितला. चित्रकार एदुआर माने ह्याच्या "ल रपो" मध्ये, म्हणजे ज्या चित्रात स्वतः बर्थ मोरिसो पांढऱ्या कपड्यात सोफ्यावर रेललीय, नावच विश्रांती आहे, १८७३ च्या सलॉनमध्ये, म्हणजे पॅरिसच्या मोठ्या अधिकृत प्रदर्शनात, ते लागलं, पण डोळे बघा, झोपेचा मागमूस नाही. चित्राचं नाव हा पुरावा नसतो हे तिथे शिकायला मिळतं.

नववी पायरी: चार-पाच वाक्यं लिहा

इथवर येऊन लिहिलं नाही तर आठवडाभरात सगळं विसरायला होतं. मोठा लेख नको, चार-पाच वाक्यं, आणि नियम एकच, प्रत्येक वाक्याला कॅनव्हासवरची एक जागा दाखवता आली पाहिजे. "चित्रकाराने बालपणाची निरागसता सुंदर टिपली आहे" हे वाक्य कुठल्याही चित्राखाली खपतं, म्हणून खोडा. "निळा रंग उदासीचं प्रतीक आहे" हेही खोडा, ह्या चित्रातला निळा झगझगीत, गजबजलेला आहे, उदास तर अजिबात नाही, आणि रंगांचे अर्थ असे कोष्टकात बसत नाहीत.

मी लिहिलं असतं ते साधारण असं: "नटवून बसवलेली मुलगी मोठ्यांच्या खुर्चीत घसरून बसलीय, पट्टा-मोजे व्यवस्थित पण अंग बेशिस्त. शेजारच्या तशाच खुर्चीतलं कुत्रं मिटून गाढ झोपलंय, त्यामुळे तिचं जागं, पसरलेलं अंग जास्तच लक्षात येतं. हातात काही नाही, खोलीत मोठं कुणी नाही, फर्निचर कडांपर्यंत भरलेलं. खुर्च्यांच्या कापडावरचे तुटक फटकारे ती करू शकत नाही ती हालचाल करतात. कसॅटने मुलीला गोड दिसायला लावलं नाही, कंटाळायची मुभा दिली." शेवटचं वाक्य मत आहे, पण त्याच्या आधीची वाक्यं त्याला धरून उभी आहेत म्हणून ते चालतं. तुमचं मत ह्याच्या उलट असेल तर बेधडक लिहा, फक्त खालचा आधार तेवढाच भक्कम ठेवा. आणि लिहिलेलं दुसऱ्या कुणाला तरी वाचून दाखवा, चित्र समोर ठेवून. जिथे ते "कुठे दिसतंय?" असं विचारतील आणि तुम्हाला बोट ठेवता येणार नाही, ते वाक्य काढा.

एवढं एका चित्रावर झालं की पुढचं चित्र कुणाच्या मदतीशिवाय करायचं. माझी शिफारस रेन्वारच्या १८८० सालच्या झोपलेल्या मुलीची, मांडीवर मांजर असलेली, अमेरिकेत विल्यम्सटाउनच्या क्लार्क आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. तिथे मुलगी आणि जनावर दोघंही झोपलेले आहेत, म्हणजे कसॅटची जोडी बरोबर उलटी होते. यादी करा, वजन शोधा, खुर्चीच्या रंगाने काय होतं ते बघा, आणि सुरुवात करायला एक प्रश्न देऊन ठेवतो: एवढी गाढ झोप लागलीय तर डोक्यावर टोपी अजून कशी काय आहे?